त्रैराशिक ते त्रिकोणमिती: गणित एकच, नावं मात्र सीमेगणिक वेगळी

पाच किलो तांदळाला ३१० रुपये पडले, तर आठ किलोला किती? किराणा दुकानातला पोरगा हिशोब तोंडी करतो. किलोला ६२, आठ किलोचे ४९६.

आता दुसरा प्रश्न. झाडाची सावली १२ मीटर आहे आणि सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आहे, तर झाड किती उंच? इथे तोच पोरगा गप्प होतो. प्रश्नात 'टॅन' आला की गणित आपल्या आवाक्याबाहेर गेलं असं त्याला वाटतं. खरं तर दोन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत. पहिल्यात 'एका किलोला किती रुपये' हे काढावं लागतं. दुसऱ्यात 'एक मीटर सावलीला किती मीटर उंची' हे आधीच कुणीतरी काढून ठेवलंय. ३० अंशांना ते उत्तर ०.५७७ आहे आणि त्यालाच टॅन ३० म्हणतात. १२ × ०.५७७ म्हणजे झाड साधारण ६.९ मीटर.

नववी-दहावीच्या गणितात मुलं अडतात ती बहुतेकदा या दोन गोष्टींमधला धागा न दिसल्यामुळे. सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत आणखी एक अडचण असते, ती शब्दांची. तिच्याकडे पुढे येऊच.

तीन माहीत, चौथं काढायचं

जुन्या पिढीला हा हिशोब त्रैराशिक या नावाने माहीत आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त त्याची मांडणी आहे. माहीत असलेल्या जोडीतलं पहिलं ते प्रमाण, त्याचं मिळालेलं ते फल, आणि ज्याचं उत्तर हवं ती इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं. तांदळाच्या उदाहरणात प्रमाण ५, फल ३१०, इच्छा ८. म्हणून ३१० × ८ ÷ ५ = ४९६. एक अट कटाक्षाने पाळायची, प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची हवीत. किलोसमोर किलो, रुपयांसमोर रुपये. ग्रॅम आणि किलो मिसळले की उत्तर हजारपटीने चुकतं.

(भास्कराचार्यांचं गाव विज्जलवीड. ते नेमकं कुठलं यावरही दोन राज्यांत ओढाताण आहे. काही अभ्यासक विजापूरकडे बोट दाखवतात, तर काही चाळीसगावजवळच्या पाटणकडे. पाटणच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा उल्लेख आहे. सीमावादाने गणितालाही सोडलेलं नाही!)

शाळेत हेच 'प्रमाण' म्हणून येतं: ५ : ३१० = ८ : क्ष. मग तिरकस गुणाकार. तो का चालतो हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. दोन अपूर्णांक समान असतील, तर दोन्ही बाजूंना दोन्ही छेदांनी गुणलं तरी समानता टिकते. प्रत्येक बाजूचा आपापला छेद कटतो आणि समोरच्याचा उरतो. यात जादू काही नाही.

बीजगणितात प्रमाण थोडं वेष बदलून येतं. समजा,

(क्ष + ३)/४ = (२क्ष − १)/६

तिरकस गुणाकार करताना कंस सोडायचा नाही. ६(क्ष + ३) = ४(२क्ष − १), म्हणजे ६क्ष + १८ = ८क्ष − ४, म्हणजे २२ = २क्ष, क्ष = ११. पडताळा घेतला तर डावीकडे १४/४ = ३.५ आणि उजवीकडे २१/६ = ३.५. बरोबर. कंस विसरून ६क्ष + ३ = ८क्ष − १ असं लिहिलं तर क्ष = २ येतं. उत्तर दिसायला सुबक, पण पडताळ्यात डावीकडे १.२५ आणि उजवीकडे ०.५. पेपरात पडताळ्याला मार्क नसले तरी तो कच्च्या कामात करावाच. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि कंसाची चूक इतक्या स्वस्तात दुसऱ्या कशानेही सापडत नाही.

सगळंच प्रमाणात नसतं

बारा मजूर एक भिंत दहा दिवसांत बांधतात, तर पंधरा मजूर किती दिवसांत? सवयीने त्रैराशिक लावलं तर साडेबारा दिवस येतात. माणसं वाढली आणि दिवसही वाढले! हे व्यस्त प्रमाण. इथे गुणाकार स्थिर राहतो. १२ × १० = १२०, म्हणून १२० ÷ १५ = ८ दिवस. 'लीलावती'त व्यस्त त्रैराशिक वेगळं सांगितलंय आणि तिथे सोन्याच्या कसाचा दाखला आहे. कस जितका जास्त, तितकं वजन कमी लागतं. आजच्या भाषेत, ९ ग्रॅम २४ कॅरेट सोन्यात जेवढं शुद्ध सोनं, तेवढंच १२ ग्रॅम १८ कॅरेटमध्ये असतं. २४ × ९ आणि १८ × १२, दोन्ही २१६.

ओळखायची खूण सोपी आहे. सम प्रमाणात भागाकार स्थिर, व्यस्त प्रमाणात गुणाकार स्थिर. आकडे लिहिण्याआधी एक प्रश्न विचारायचा: पहिलं दुप्पट केलं तर दुसऱ्याचं काय होईल?

याच प्रश्नातून तिसरा प्रकारही सापडतो, तो म्हणजे काहीच प्रमाण नसणारा. तीन शर्ट उन्हात दोन तासांत वाळतात, तर सहा शर्ट? दोनच तासांत, दोरीवर जागा असेल तर. चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ दुप्पट नाही, चौपट होतं. हा तिसरा प्रकार लक्षात ठेवायचा, कारण त्रिकोणमितीतली सगळ्यात मोठी चूक इथूनच निघते.

शब्दांची अदलाबदल

बेळगाव-खानापूरकडची मराठी माध्यमातली मुलं दहावीपर्यंत गणित मराठीत करतात आणि पीयूसीला विज्ञान घेतलं की एकदम इंग्रजीत. गोव्यात प्राथमिक मराठीतून झालं तरी पुढचं शिक्षण बहुतेक इंग्रजीतून. इंदूर-ग्वाल्हेरला घरी मराठी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, आणि घरी शिकवणारे आजोबा मात्र त्रैराशिकवाले. गणित बदलत नाही, पण शब्द असे काही बदलतात की हुशार मूलही गोंधळावं.

महाराष्ट्राच्या पुस्तकात दोन संख्यांच्या तुलनेला गुणोत्तर म्हणतात आणि दोन गुणोत्तरं समान असली की ते प्रमाण. हिंदीत गुणोत्तराला अनुपात आणि प्रमाणाला समानुपात. हिंदीतल्या 'प्रमाण'चा अर्थ पुरावा! कन्नडमध्येही अनुपात आणि समानुपात हीच जोडी आहे. तेलुगूत मात्र गुणोत्तराला निष्पत्ती म्हणतात आणि अनुपातम् हा शब्द प्रमाणासाठी येतो. म्हणजे बिदरहून हैदराबादला गेलेल्या मुलासाठी 'अनुपात' या एकाच शब्दाचा अर्थ वाटेत बदलतो. सगळ्यात सुखी बडोदेकर. गुजरातीत गुणोत्तर आणि प्रमाण हेच शब्द आहेत, काटकोनही काटकोणच.

काटकोनाचंही असंच. हिंदीत तो समकोण. मराठी कानाला 'समकोण त्रिभुज' म्हणजे तिन्ही कोन सारखे असलेला त्रिकोण वाटतो, आणि तिथेच पहिली पायरी चुकते. कन्नड-तेलुगूत तो लंबकोन. काटकोनासमोरची बाजू मराठीत आणि हिंदीत कर्ण. कन्नडमध्ये तिला विकर्ण म्हणतात, आणि तिथे कर्ण म्हणजे चौकोनाचा कर्ण. हिंदीत नेमकं उलट, विकर्ण म्हणजे चौकोनाचा कर्ण. मराठीत दोन्हींना कर्णच म्हणून आपण मोकळे.

माध्यम बदलणाऱ्या मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर अशा वीस-पंचवीस शब्दांच्या जोड्या लिहून ठेवल्या तर पहिल्या सहामाहीचा बराच त्रास वाचतो. उन्नत कोनाला हिंदीत उन्नयन कोण आणि अवनत कोनाला अवनमन कोण म्हणतात, हे त्या पानावर असायलाच हवं. उंची-अंतराची जवळपास सगळी उदाहरणं याच दोन शब्दांवर उभी असतात.

त्रिकोणातलं त्रैराशिक

कागदावर ३० अंशांचा कोन काढा आणि त्याच्या एका बाजूवर कुठूनही दुसऱ्या बाजूवर लंब टाका. काटकोन त्रिकोण तयार होतो. कर्ण १० सेंटीमीटर असेल तर ३० अंशांसमोरची बाजू ५ भरते. कर्ण १४ केला तर ७. त्रिकोण लहान असो की मैदानाएवढा, गुणोत्तर अर्धंच. कोन सारखे असले की त्रिकोण समरूप असतात आणि त्यांच्या बाजू प्रमाणात असतात. त्रिकोणमितीचा सगळा पाया एवढाच आहे. हे ठरलेलं गुणोत्तर पुन्हा पुन्हा मोजत बसायला नको म्हणून त्याला नाव दिलं. कोनासमोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन. लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कॉस. समोरची भागिले लगतची म्हणजे टॅन.

३०, ४५, ६० अंशांचा तक्ता पाठ केला नाही तरी चालतो, तो काढता येतो. २ सेंटीमीटर बाजूचा समभुज त्रिकोण मधोमध कापला की बाजू १, √३ आणि २ मिळतात. त्यातून साइन ३० = १/२, साइन ६० = √३/२, टॅन ६० = √३. १ सेंटीमीटरचा चौरस कर्णावर कापला की १, १, √२; त्यातून साइन ४५ = १/√२ आणि टॅन ४५ = १. परीक्षेत आठवलं नाही तर हे दोन त्रिकोण कच्च्या कामात काढायला मिनिटही लागत नाही. पाठांतरापेक्षा हा रस्ता भरवशाचा.

आता ती मोठी चूक. साइन ३० अर्धा, म्हणून साइन ६० एक, असं अनेक मुलं लिहितात. साइन हा कोनाच्या प्रमाणात वाढत नाही. बाजू एकमेकींच्या प्रमाणात असतात. कोन आणि बाजू नसतात. साइन ६० आहे ०.८६६. पहिल्या ३० अंशांत साइन ०.५ ने वाढला, पुढच्या ३० मध्ये ०.३६६ ने आणि शेवटच्या ३० मध्ये फक्त ०.१३४ ने. टॅनचं वागणं उलटं. ४५ अंशांना १, ८९ अंशांना ५७.३, आणि ९० ला किंमतच नाही. याच कारणाने साइन(अ + ब) म्हणजे साइन अ अधिक साइन ब नव्हे. साइन ही अ ला गुणणारी संख्या नाही, ते एक काम आहे: कोन द्यायचा, गुणोत्तर घ्यायचं.

कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर आहे.

आर्यभटाचा तक्ता

कोन अगदी लहान असेल तर मात्र साइन जवळजवळ कोनाच्या प्रमाणात चालतो. १ अंशाला ०.०१७४५, २ अंशांना ०.०३४९०. ही गोष्ट आर्यभटाच्या ४९९ सालच्या 'आर्यभटीया'त दडलेली आहे. त्याने वर्तुळाची त्रिज्या ३४३८ धरली आणि दर ३ अंश ४५ कलांनी चोवीस ज्या दिल्या. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आपला साइन गुणिले ३४३८ म्हणजे त्याची ज्या. पहिली किंमत २२५. आणि ३ अंश ४५ कला म्हणजेही २२५ कला! इतक्या लहान कोनाला दोरी आणि कंस यांत फरक उरत नाही. ३० अंशांची ज्या १७१९, म्हणजे ३४३८ च्या बरोबर निम्मी.

साइन हे नावही तिथूनच फिरत आलंय. ज्या किंवा जीवा अरबीत 'जिबा' झाली, ती पुढे 'जैब' म्हणजे खिसा किंवा झग्याचा घोळ अशी वाचली गेली, आणि लॅटिनमध्ये घोळाला असलेला शब्द 'सायनस' तिला चिकटला. कोटिज्या म्हणजे कोसाइन.

तक्त्यात नसलेल्या कोनाचं काय? तिथे पुन्हा त्रैराशिक. ५ अंशांची ज्या हवी आहे. तक्त्यात ३ अंश ४५ कलांना २२५ आणि ७ अंश ३० कलांना ४४९. फरक २२४. पाच अंश पहिल्या टप्प्याच्या ७५ कला पुढे आहेत. मग २२५ कलांना २२४ वाढ, तर ७५ कलांना किती? ७४.७. बेरीज २९९.७, भागिले ३४३८ म्हणजे ०.०८७१७. आजचा कॅल्क्युलेटर ०.०८७१६ दाखवतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा तक्ता आणि किराण्याचा हिशोब, एवढ्यावर.

टाकीची उंची

दहावीच्या पेपरातला नेहमीचा प्रश्न असा. पाण्याच्या टाकीच्या माथ्याचा उन्नत कोन ३० अंश दिसतो. टाकीच्या दिशेने ४० मीटर चाललं की तो ६० अंश होतो. टाकी किती उंच?

आधी आकृती, आकृतीशिवाय सुरुवातच करू नये. उंची उ धरली. ६० अंशांच्या जागेपासून टाकीचा पाया उ/√३ अंतरावर आहे, ३० अंशांच्या जागेपासून उ√३ अंतरावर. दुसरं अंतर पहिल्याच्या तिप्पट आहे. म्हणजे मधले ४० मीटर हे पहिल्या अंतराच्या दुप्पट झाले. पहिलं अंतर २०, एकूण ६०, आणि उंची २०√३, म्हणजे ३४.६४ मीटर. समीकरण मांडूनही हेच येतं; पण गुणोत्तर डोळ्यांना दिसलं की हिशोब दोन ओळींत आटोपतो. कोन दुप्पट झाला म्हणून अंतर निम्मं झालं नाही, एक तृतीयांश झालं, हेही इथे दिसतं. प्रश्नात बघणाऱ्याची उंची दिली असेल तर ती शेवटी मिळवायची. एक मार्क तिथेच जातो.

साखळीने थोडं मोजायचं, कोनांनी बाकीचं

अकरावीत येणारा साइनचा नियम म्हणजे प्रमाण आणि त्रिकोणमिती यांची गाठ. कोणत्याही त्रिकोणात, काटकोन नसला तरी, प्रत्येक बाजू तिच्या समोरच्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. समजा दोन टेकड्यांमधलं अंतर १० किलोमीटर मोजलं. एका टेकडीवरून तिसऱ्या शिखराकडे पाहिलं तर कोन ४५, दुसरीवरून ६०. तिसरा कोन ७५ उरतो. साइन ७५ म्हणजे ०.९६६. आता त्रैराशिक: ०.९६६ ला १० किलोमीटर, तर ०.७०७ ला किती? ७.३२. आणि ०.८६६ ला ८.९७. तिसऱ्या शिखरावर पाय न ठेवता दोन्ही अंतरं हाती आली. यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, आणि साखळी पुढे सरकते.

याच पद्धतीने हिंदुस्थान मोजला गेला. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा साखळीने मोजून काम सुरू केलं. त्रिकोणांची रांग दख्खनमधून उत्तरेकडे सरकली. कोनांतल्या चुका साचत जातात म्हणून मधून मधून पुन्हा जमिनीवर रेषा मोजून ताळा घ्यायचा. असा एक ताळा १८१५ मध्ये बिदरजवळ घेतला गेला, पुढे एव्हरेस्टच्या काळात माळव्यातल्या सिरोंजलाही. म्हणजे तिथेही पडताळा होताच. लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला १८२३ मध्ये, काम चालू असतानाच वारला. पुढे राधानाथ सिकदर यांनी याच त्रिकोणांच्या आकडेमोडीतून हिमालयातल्या पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची काढली. ते शिखर म्हणजे एव्हरेस्ट.

घरी करून बघायचं असेल तर कंपासपेटीतला कोनमापक, एक स्ट्रॉ, दोरा आणि एक नट पुरे. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवायची, मध्यबिंदूला दोरा बांधून खाली नट लोंबकळत ठेवायचा. स्ट्रॉ आडवी धरली की दोरा ९० वर येतो. झाडाच्या शेंड्याकडे स्ट्रॉमधून पाहिलं की दोरा सरकतो. ९० पासून तो जितका सरकला तितका उन्नत कोन. कोन वाचायला दुसरं कुणीतरी हवं. टॅनचा तक्ता जवळ नसेल तर कोन ४५ होईपर्यंत मागे-पुढे सरकायचं. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि त्यात जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची मिळवायची. जमीन उताराची असेल तर हा आकडा चुकेल.